पाणी मागायचा शनिवार

याकोबकाका गेल्याची बातमी घेऊन अब्राहम आला तो रविवार होता आणि मी कपडे धूत होते. हे मुद्दाम सांगते. पाळकाच्या घरात वाढलेली बाई महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, देवळात जायचं सोडून मोरीत कपडे आपटत बसते, म्हणजे तिचं आणि देवाचं काहीतरी बिनसलेलं आहे, हे वाचणाऱ्याला आधीच कळलेलं बरं. पाथरीत मी शाळेत शिकवते, एका खोलीत राहते, आणि माझ्या वाटेला फारसं कोणी जात नाही. अब्राहम आमच्या गावचा, आमच्याच मंडळीतला. पाच कोस सायकल मारत आला होता. बस म्हटलं तरी बसेना. त्याच्या सदऱ्यावर खांद्यापासून पोटापर्यंत रक्त वाळलेलं होतं आणि त्याला स्वतःला कुठं लागलेलं दिसत नव्हतं. "काठी माझ्यासाठी व्हती, मार्थाबाई," तो म्हणाला. "मास्तरांनी घेतली." मास्तर म्हणजे काका.

काठी मारणारा त्याचाच धाकटा भाऊ, शमुवेल. दोघांच्या वाट्याची एक विहीर, आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मोटेच्या पाळीवरून दोघांची दरसाल जुंपायची. शनिवारी काकांनी शमुवेलला हाताला धरून थोरल्याच्या दारात नेलं आणि म्हणाले, माग पाणी. शमुवेलनं मान खाली घालून मागितलं. अब्राहम बोलून गेला, "विहिरीतलं सोडत न्हाईस आन् घरातलं मागायला आलास व्हय रे?" एवढंच. शमुवेलनं कुडाला टेकवलेली काठी उचलली, काका मध्ये आले, आणि घाव कानशिलावर बसला. शमुवेलला पोलिसांनी परभणीला नेलं. काका पहाटेपर्यंत होते, पण शुद्धीवर नव्हते.

पाणी मागायचं हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. आमची मंडळी म्हणजे तीस-बत्तीस घरं, आणि भांडणं साठ. पहिल्या पाळकाच्या वेळेपासून आमच्याकडे एक रीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं त्याच्या दारात जायचं आणि पाणी मागायचं. समोरच्यानं दिलं आणि यानं प्यालं, की भांडण मिटलं. मग दोघांनी रविवारी देवाच्या मेजाशी बसावं. नाही मिटलं तर मेजाशी यायचं नाही. ज्या गावात आमच्या आज्या-पणज्यांना विहिरीपासून लांब उभं राहून, कोणी वरून ओतेल तेवढं ओंजळीत घ्यावं लागलं, त्या गावात दारात जाऊन पाणी मागणं काय असतं आणि देणं काय असतं, हे आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही. अर्थात माणसं ती माणसंच. एकीनं जावेला तांब्याभर मिठाचं पाणी दिलं होतं आणि जावेनं तोंड वाकडं न करता शेवटच्या थेंबापर्यंत प्यालं होतं, का तर नाही प्यालं तर दोष हिच्याकडे येईल. काका त्या दिवशी सकाळपासून घरोघर हिंडायचे, एकेकाला ओळखून पिटाळायचे. "तुझं तोंड सांगायलंय कुणाचं तरी वाईट चितायलायस म्हणून. जा, पिऊन ये."

काका सौम्य नव्हते. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे, ती मला जमणार नाही. पाळक होण्याआधी ते मिशनच्या शाळेत मास्तर होते, म्हणून गाव त्यांना शेवटपर्यंत मास्तरच म्हणालं, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाच्या अंगावर त्या शाळेची एखादी खूण आहे. हात असे मोठे की भाकरी तळहातावर मावून उरायची. प्रेमावर उपदेश करतानाही मेजावर मूठ आपटायचे, मग कंदिलाची काच खळखळायची आणि पुढच्या रांगेतल्या बायका पोरांना पोटाशी धरायच्या. माझे बाबा, दानियल, त्यांचे थोरले भाऊ. ते मात्र मुंगीलाही वाट देणारे. मानवतच्या जिनिंगला कापसाची गाडी हाकायचे. आई माझ्या लहानपणीच गेली, म्हणून मी काकीच्या हाताखाली, काकांच्या घरात वाढले. संध्याकाळी गाडी सोडली की बाबा तिथंच जेवायला यायचे.

रझाकारीच्या दिवसांत, शेवटच्या शेवटच्या महिन्यांत, बाबा मारले गेले. हत्यारबंद टोळी होती, बाहेरगावची. त्यांना बैल हवे होते. बाबांनी कासरा सोडला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. ओढ्याच्या उतारावर त्यांना तोडलं आणि कापसासकट गाडी पेटवली. काकांनी त्यांना चादरीत गोळा करून आणलं. मी अठरा वर्षांची होते. चादर उघडू नको असं काकी ओरडत असताना मी ती उघडली, आणि त्यानंतर बरीच वर्षं मी प्रार्थनेला डोळे मिटू शकले नाही. मिटले की तेच दिसायचं.

मग गावात एक गोष्ट पसरली. ती टोळी ओढ्याकडे जाण्याआधी हुसेन पिंजाऱ्याच्या दारात थांबली होती, आणि हुसेननं त्यांना पाणी दिलं होतं. दोघा-तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हुसेन म्हणजे कापूस पिंजणारा साधा माणूस, गावातल्या निम्म्या गाद्या-उशा त्याच्या हातच्या. आमच्या देवळातल्या बैठकासुद्धा. पण त्या दिवसांत एवढं पुरे होतं. पोलीस ॲक्शन झाली, फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि पारडं एका दिवसात फिरलं. काल जे लपून बसले होते ते आज दांडकी घेऊन हिंडू लागले. गावातले काही जण हुसेनच्या घराकडे निघाले तेव्हा काका घरात गुडघे टेकून बसले होते. त्यांना जायचं नव्हतं. हे मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या समोर उभी होते. मी म्हणाले, "तुमच्या भावाचं रगत अजून ओढ्यात हाय, आन् तुमी हितं डोळे झाकून बसायलात? बांगड्या भरा, काका." काकीनं माझ्या तोंडावर हात ठेवला, पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. काका उठले. दाराआडचा कुऱ्हाडीचा दांडा त्यांनी काढला, आणि पातं मात्र काढून खाली ठेवलं. एवढं भान होतं त्यांना.

अर्ध्या तासात परत आले. हात धुतले. नंतर कळलं ते असं, की बाकीचे लुटालुटीत होते, भांडी-गोधड्या बाहेर फेकत होते, आणि काकांनी हुसेनचा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि त्यावर दांडा हाणला. एकदा नाही. मनगट, मग बोटं. ज्या हातानं पाणी दिलं तो हात. कापूस पिंजायची मोठी धनुकली मोडून पेटवून दिली, आणि घरातला कापूस वाऱ्यावर गेला. तीन दिवस तो गावभर उडत होता, बाभळींच्या काट्यांना, कुडांना, भाकरीच्या पिठाला चिकटत होता. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

पुढच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्या मंडळीत द्राक्षारस कुठून येणार? काकी मनुका उकळून त्यांचं पाणी गाळायची, आणि भाकरी ज्वारीची. काकांनी भाकरी मोडली, सगळ्यांना दिली, प्याला फिरवला, आणि स्वतः काहीच न घेता ताटावर फडकं टाकलं. पाळकानं आधी घ्यायचं असतं.  पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. शनिवारी लोकांना दारोदार पाणी प्यायला पिटाळणारा हा माणूस स्वतः एका दारात जात नव्हता, आणि रविवारी आपलं ताट झाकत होता.

मला कारण ठाऊक होतं, काकीला ठाऊक होतं. मंडळीला काय वाटलं असेल? हुसेनचा हात मोडला गेला हे साऱ्या गावाला माहीत होतं, पण त्या गर्दीत कोणी मोडला ते ज्यांनी पाहिलं त्यांनी तोंड शिवलं होतं. मंडळीनं आपला अर्थ लावला. मास्तरांनी भावासाठी उपास धरलाय! आम्ही बाप्तिस्मा घेतला तरी नवस आणि उपास आमच्या हाडात मुरलेले. गंगूम्हातारी मंडळीतली सर्वांत जुनी, तिनं सांगून टाकलं, "मास्तर लय मोठं तप करायलाय, बायांनो." आणि पुढच्या महिन्यात ताट तिच्यापुढं आलं तेव्हा तिनंही हात जोडले आणि पुढं ढकललं. मग तिच्या सुना. मग ज्याच्या घरी आजारपण तो, ज्याची कोर्टात तारीख तो. दोन-तीन वर्षांत गंमत अशी झाली की न घेणारे ऐटीत पुढच्या रांगेत आणि घेणारे चोरासारखे मागं. देवाच्या मेजावर जेवणं हे आमच्याकडे कच्च्या विश्वासाचं लक्षण ठरलं.

काकांना हे दिसत नव्हतं असं कसं म्हणू? एकदा मी देवळातला कंदील पुसत होते तेव्हा ते मागच्या बाकावर येऊन बसले. म्हणाले, "मार्थे, मी प्रार्थना करतो तव्हा तोंड हालतं. आत कुणी नसतंय." मी म्हणाले, "मग सोडा की पाळकपण." ते म्हणाले, "सोडून जाऊ कुठं? हात तर संगंच येनार." मी त्यांना धीर दिला नाही. माझ्या मते त्यांनी योग्यच केलं होतं, आणि या पस्ताव्यानं ते बाबांचा अपमान करत होते. तसं मी तोंडावर म्हटलंही.

सहाव्या वर्षी, सुगी संपल्यावरचा एक रविवार. काकांनी भाकरी मोडली, ताट फिरायला दिलं, आणि ते सगळ्या रांगांतून हिंडून जसंच्या तसं परत आलं. एकही तुकडा कमी नाही. सगळी मंडळी माना खाली घालून, मोठी पुण्याई केल्यासारखी बसलेली. काका ताटाकडे पाहत राहिले... त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला, आणि मला वाटलं ते आता पडतील. पडले नाहीत. त्यांनी ताट उचलून जमिनीवर आदळलं. तुकडे चहूकडे उडाले, पोरं रडायला लागली. "मी उपास न्हाई धरला रे!" ते ओरडले. "मी तप न्हाई करायलो! हुसेन पिंजाऱ्याचा हात म्या मोडलाय. ह्या हातानं. त्यानं ओरडून ओरडून माझं नाव घेतलं तरी म्या मारतच राह्यलो. मला खायाचं तोंड न्हाई, म्हनून मी खात न्हाई. तुमी कामून उपाशी मरायलात?"

 मग गंगूम्हातारी पुढं सरकली, जमिनीवरचा एक तुकडा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली. "म्हंजी सहा वर्षं आमी उगंच उपाशी," ती म्हणाली, आणि तोंडात टाकला. मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी हुंदका दिला. माणसं खाली वाकून तुकडे वेचू लागली. काका मात्र तसेच उभे होते, आणि त्यांना कोणी तुकडा दिला नाही. देऊन चालणारही नव्हतं. त्यांचं पाणी अजून राहिलं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ते हुसेनच्या घराकडे निघाले. मी मागं लागले, ते अडवायला. वाटभर मी बोलत होते. त्या घरचं पाणी तुमच्या घशाखाली उतरेल का, माझ्या बापाच्या मारेकऱ्यांनी ज्या भांड्यानं प्यालं त्याच भांड्यानं पिणार का, असं जे सुचेल ते. ते एकदाही वळले नाहीत. हुसेन उंबऱ्यात बसला होता. उजव्या हाताची बोटं आत वळून वाळली होती. आत त्याची बायको बीबनबी नवी धनुकली घेऊन पिंजत होती. काकांना पाहून ती हातातला लाकडी दस्ता, धनुकलीच्या तातीवर मारायचा तो, घेऊनच बाहेर आली आणि तिनं काकांच्या खांद्यावर हाणला. मग मानेवर. मग पुन्हा खांद्यावर. ती रडत नव्हती, शिव्या देत नव्हती, नुसती मारत होती, आणि दर घावाला तिच्या तोंडून 'हं' असा आवाज निघायचा. काकांनी हात वर केले नाहीत. मी ओरडत होते. पाच-सहा घावांनंतर हुसेन म्हणाला, "बस."

काकांच्या कानामागून रक्त येत होतं. ते म्हणाले, "हुसेनभाई, पाणी द्या."

 हुसेन डाव्या हातानं भिंतीला धरून उठला, आत गेला, घागरीतून तांब्या बुडवून बाहेर आला. "पानी मांगे तो देना, इत्ताच मालूम है मेरेकू," तो म्हणाला. "उस दिन उनो मांगे, उनकू दिया. हात में तलवारां थे, तो बी प्यासे थे. आज तू मांगा. ले."

काका प्यायले. गळ्यावरून, सदऱ्यावरून पाणी सांडत होतं आणि ते ढसाढसा रडत पीत होते. मग हुसेननं तांब्या माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही. त्याचा हात तसाच पुढं राहिला आणि मी पाठ फिरवून चालू लागले. दुसऱ्या दिवशी काकांनी सहा वर्षांनी पहिला तुकडा खाल्ला, असं काकीनं सांगितलं. मी देवळात गेले नव्हते. त्याच वर्षी पाथरीची नोकरी धरून मी गाव सोडलं, आणि मेजाशी पुन्हा बसले नाही. त्यांचा हिशेब मिटला होता, माझा राहिला होता, आणि तो मिटवायची मला गरज वाटत नव्हती. ते हसायचे तेव्हा मला राग यायचा.

आणि ते हसायला लागले होते! बाजाराच्या आदल्या दिवशी ते हुसेनकडे जाऊन बसायचे आणि धनुकली चालवायचे. बीबनबीचे खांदे दुखायला लागले होते, म्हणून. पहिले काही महिने तिनं त्यांच्याशी शब्दही काढला नाही, फक्त कापसाचा ढीग पुढं लोटायची. त्यांच्या त्या दांडग्या हाताला काम बरोबर मानवलं. गाव टिंगल करायचं, पाळक पिंजारी झाला म्हणून. रविवारी उपदेशाला उभे राहिले की भुवयांत, कानांत कापूस असायचा, आणि मेजावर मूठ आपटायची सवय गेली नव्हती, तेव्हा आपटली की अंगावरून कापसाचे बारीक तंतू उडायचे. दिवाळीच्या सुट्टीत एकदा गेले तेव्हा मी विचारलं, "आता प्रार्थनेत आत कोणी असतंय का?" ते म्हणाले, "कधी असतंय, कधी नसतंय. पन आता मी हाक मारून बसतो. आधी हाक माराय भ्यायचो." याहून मोठं धर्मज्ञान त्यांनी मला कधी दिलं नाही, आणि तेव्हा मला ते फार वाटलंही नाही.

काकांच्या मातीला सगळी मंडळी होती. हुसेननं डाव्या हातानं माती टाकली. बीबनबी लांब बाभळीखाली उभी होती.  मला पुन्हा तेच झालं होतं. तोच राग, त्याच जागी, बारा वर्षांनी. कोणीतरी माझ्या माणसाच्या डोक्यात घाव घातला होता, आणि त्याचं नाव मला ठाऊक होतं. शमुवेलला जन्मठेप व्हावी, त्याच्या पोरांनी दारोदार भीक मागावी, असं मी त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभं राहून मागितलं. शब्द न चुकता मागितलं.

याला आता महिना होऊन गेला. गेल्या शनिवारी, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, माझ्या खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. पदर डोक्यावरून ओढलेला, पायांत काही नाही. शमुवेलची बायको, सारा. नवऱ्यासाठी ती आली होती. तो तुरुंगातून येऊ शकत नव्हता. पाच कोस उन्हातून चालत आली होती. उंबऱ्याच्या बाहेर ती थांबली आणि मान वर न करता म्हणाली, "मार्थाबाई, पाणी द्या."

माझा हात कडीवर होता. दार लावायचं माझ्या मनात पूर्ण होतं, खोटं कशाला सांगू. ती नजर वर करत नव्हती आणि जातही नव्हती. तिचे पाय पोळून लाल झाले होते आणि ती एकावरून दुसऱ्यावर भार टाकत उभी होती. समोरच्या बिऱ्हाडातली बाई दारात येऊन बघू लागली. मला काकांची आठवण आली असंही म्हणणार नाही. मला फक्त एवढं दिसलं की ही बाई तिथं उभी राहू शकत नाही, आणि मी दार लावलं तरी ती उभी राहणार आहे.

मी क्षमा केली असं मी लिहिणार नाही. मी पाणी दिलं. पेला भरला, दारात गेले आणि तिच्या हातात दिला.  तिनं उभ्यानं, एका दमात, डोळे मिटून प्यालं. मी वाट पाहत होते की आता ती काहीतरी बोलेल, पायांवर डोकं ठेवेल, रडेल, आणि मग मी काय करू?

तिनं पेला पुढं केला. म्हणाली, "आनिक द्या बाई. लय तहान लागलीय."

मी पुन्हा आत गेले.